हौद्यातली कारकीर्द: हरिश्चंद्र बिराजदार

१९६९ सालची महाराष्ट्र केसरी स्पर्धा लातूरला झाली. लातूर तेव्हा जिल्ह्याचे ठिकाण नव्हते. उस्मानाबाद जिल्ह्यातले, अडत बाजारासाठी ओळखले जाणारे ते तालुक्याचे गाव होते. जिल्हा झाला तो पुढे १९८२ मध्ये. महाराष्ट्र केसरीचा पहिला मुकाबला १९६१ मध्ये औरंगाबादला झाला होता. म्हणजे किताबाची सुरुवातच मराठवाड्याच्या मातीत झाली, पण तो किताब आपल्या एखाद्या पोराने आपल्याच मुलखात घ्यावा हे लातूरकरांच्या वाट्याला १९६९ मध्ये आले. निलंगा तालुक्यातल्या रामलिंग मुदगड या गावचा हरिश्चंद्र बिराजदार त्या वर्षी महाराष्ट्र केसरी झाला. वय एकोणीस.

पुढच्याच वर्षी, १९७० मध्ये, तो एडिनबराच्या राष्ट्रकुल स्पर्धेत सुवर्णपदक घेऊन आला. १९७२ मध्ये रुस्तुम-ए-हिंद. १९७७ मध्ये बेळगावच्या मैदानात दिल्लीच्या सत्पालवर विजय. मग लंगोट खुंटीला टांगून पुण्याच्या गोकुळ वस्ताद तालमीत पोरे घडवायला सुरुवात. २००६ चा ध्यानचंद पुरस्कार. सप्टेंबर २०११ मध्ये, वयाच्या एकसष्टीत, निधन.

ही यादी कुठल्याही कुस्तीशौकिनाला पाठ असते. निलंग्यात चहाच्या टपरीवर उभे राहिलात तरी ती ऐकायला मिळेल, आणि तीही बहुधा चढत्या आवाजात. अडचण ही की, बिराजदारांबद्दल आपण जे बोलतो ते सगळे या यादीतच आटोपते. मैलाचे दगड ठाऊक, रस्ता ठाऊक नाही, अशी आपल्या बहुतेक मल्लांच्या चरित्रांची गत आहे. पुढच्या पानांत त्या रस्त्याचा शोध आहे. तो वाचण्याआधी वाचकाच्या हाती काही गोष्टी असाव्यात, एवढ्यासाठी ही प्रस्तावना.

एक परदेशी दाखला देतो, कारण त्याशिवाय आपली उणीव नीट दिसणार नाही. आयर्लंडमध्ये हर्लिंग नावाचा खेळ आहे. अॅश झाडाच्या लाकडाची, टोकाला चपटी असलेली काठी आणि लहानसा चेंडू. खेळ जुना, गावोगावचा. १८८४ मध्ये थर्लस गावी गेलिक अॅथलेटिक असोसिएशन स्थापन झाली आणि तिने या खेळाला नियम, स्पर्धा आणि मुख्य म्हणजे दप्तर दिले. त्यामुळे किल्केनी परगण्याचा सिम वॉल्टन हा शेतकरी गडी १९०४ ते १९१३ या काळात सात वेळा अखिल आयर्लंड विजेत्या संघात होता, हे आज शंभर वर्षांनंतरही कुणाला विचारावे लागत नाही. कोणत्या साली अंतिम सामना कुठे झाला, गुणफलक काय होता, एका बाजूला सतराऐवजी पंधरा खेळाडू कधीपासून झाले, सारे लिहिलेले आहे. वॉल्टनला खेळाचे पैसे मिळत नव्हते. तो आपल्या पॅरिशच्या, म्हणजे चर्चच्या गावकीच्या, संघातून खेळायचा आणि परगण्याचा अंगरखा घालायचा. पण त्याची कारकीर्द नोंदीत राहिली.

आपल्याकडचा मातीतला मल्ल वर्षाला कितीतरी मैदाने मारतो. त्यातल्या किती कुस्त्यांचा लेखी पुरावा उरतो? असतात ती मैदानाची पत्रके, ‘जंगी कुस्त्यांचे मैदान’ अशा जाड अक्षरांची, वर ग्रामदैवताचे चित्र, खाली इनामाची रक्कम आणि जोडीची नावे. पण पत्रक छापले जाते कुस्तीच्या आधी. निकाल त्यावर नसतो. निकाल असतो दुसऱ्या दिवशीच्या वर्तमानपत्रात दोन ओळींचा, आणि तोही पहिल्या नंबरच्या कुस्तीचा. बाकी सगळे लोकांच्या तोंडी. तोंडची कुस्ती दर वर्षी थोडी लहान होत जाते: दहा मिनिटांची पाच मिनिटांची होते, पाचाची दोनाची, आणि शेवटी सलामी झडताच समोरचा आसमान बघत असतो. म्हणून या पुस्तकात वाचकाला काही आवडत्या दंतकथा सापडणार नाहीत. त्याबद्दल कुणी रागावू नये. मोठ्या मल्लाला फुगवून सांगावे लागत नाही.

आता मुलखाविषयी. बिराजदारांचा जन्म १९५० चा. त्याच्या दोनच वर्षे आधी, १७ सप्टेंबर १९४८ ला, मराठवाडा निजामाच्या राजवटीतून सुटला होता. १९५६ मध्ये तो द्वैभाषिक मुंबई राज्यात आला आणि १९६० मध्ये महाराष्ट्रात. निलंगा हा अगदी कडेचा तालुका, पलीकडे बिदर. मराठी आणि कन्नड दोन्ही कानावर पडणारा, पाऊस आला तर आला अशा भरवशाचा, ज्वारी-तुरीचा. कुस्ती इथे नव्हती असे नाही. लातूरला महाशिवरात्रीला सिद्धेश्वराची यात्रा भरते तिच्यात कुस्त्या होतात. नांदेड जिल्ह्यात लोहा तालुक्यातल्या माळेगावच्या खंडोबाची यात्रा घोड्यांच्या आणि उंटांच्या बाजाराइतकीच कुस्त्यांसाठी नावाजलेली आहे. गावोगावच्या जत्रेत आधी पोरांच्या रेवड्यांच्या कुस्त्या, मग नारळाच्या, मग पाच-दहा रुपयांच्या, आणि दिवस कलला की हलगीच्या कडकडाटात शेवटची मोठी. पोरगा रेवडीपासून नारळापर्यंत आला की गाव त्याला पैलवान म्हणू लागते.

प्रश्न नारळाच्या पुढे असायचा. नारळाची कुस्ती जत्रेत मिळते, पण किताबाची कुस्ती वर्षभराच्या मेहनतीतून मिळते, आणि त्या मेहनतीला दूध, तूप, बदाम, मटण, वस्ताद आणि रोज अंगावर घ्यायला तोलामोलाचे जोडीदार लागतात. यातली पहिली चार आई-बापाने पोटाला चिमटा घेऊन दिली तरी शेवटची दोन निलंग्यात कुठून येणार? पश्चिम महाराष्ट्रात संस्थानिकांनी कुस्ती पोसली. कोल्हापुरात शाहू छत्रपतींनी तालमी उभ्या केल्या, मल्लांना आश्रय दिला, खासबागेचे मैदान बांधले. तिथे बसून हजारो माणसांना हौद्यातला घोटा-घोटा दिसतो. गंगावेस, मोतीबाग, शाहूपुरी ही नावे कुस्तीच्या जगात घराण्यांसारखी घेतली जातात. मराठवाड्यात असे काही झाले नाही. निजामाच्या हैदराबादेत पैलवानांना मान होता, पण तो राजधानीतला मान होता, तो नळदुर्ग-निलंग्यापर्यंत झिरपला नाही.

म्हणून वाट ठरलेली: कोल्हापूर. लातूरहून बार्शी लाइटची छोटी गाडी बार्शी, कुर्डुवाडी, पंढरपूर करत मिरजेला जायची, आणि मिरजेच्या पुढे कोल्हापूर हाकेच्या अंतरावर. याच मिरजेहून २०१६ च्या दुष्काळात लातूरला रेल्वेने पाणी आले. पैलवान मात्र त्याच्या कितीतरी आधीपासून उलट दिशेने जात होते. बिराजदारही कोल्हापूरला गेले आणि तिथल्या तालमीत तयार झाले.

तालमीतले दिवस कसे असतात हे शहरी वाचकाला सांगायला हवे. पहाटे उठायचे, अंधारातच जोर आणि बैठका. मग हौद्यातली माती खणायची, हा व्यायामही आणि सेवाही. त्या मातीत तेल, ताक, लिंबू, हळद, कापूर मुरवलेला असतो. पडणाऱ्याचे अंग सोलू नये आणि जखम चिघळू नये म्हणून. मग लढती. नवा पोरगा महिनोन् महिने नुसता खाली राहतो, म्हणजे वरच्याचे ओझे सोसायला शिकतो. पट कसा काढायचा, ढाक कशी लावायची, घिस्सा कुठल्या क्षणी ओढायचा, हे वस्ताद सांगतो थोडे आणि करायला लावतो फार. दुपारी झोप, संध्याकाळी पुन्हा मेहनत, मध्ये स्वतःचा स्वयंपाक स्वतः. घरून आलेला तुपाचा डबा संपत आला की पत्र लिहायचे. ब्रह्मचर्य, वस्तादाच्या पायाची धूळ, मारुतीला शनिवारी तेल. या जगाचे गोडवे गाणारे पुष्कळ आहेत. मला त्यातली एकच गोष्ट खरोखर थोर वाटते. तिथे जात आणि जिल्हा विचारण्याआधी जोड विचारली जाते. निलंग्याचा पोरगा कोल्हापुरात परका राहत नाही, पहिल्या दहा कुस्त्या मारेपर्यंत तेवढा राहतो.

या मातीतून थेट एडिनबरा. ही उडी किती लांबची होती याचा अंदाज आज येत नाही. मातीत वेळ मोकळा, गुण नाहीत, दोन्ही खांदे टेकले की निकाल, नाहीतर पंच कंटाळून कुस्ती बरोबरीत सोडवतात. मॅटवर त्या काळी तीन-तीन मिनिटांच्या तीन फेऱ्या, प्रत्येक पकडीला गुण, आणि कडेबाहेर गेला की पुन्हा मध्यभागी. मातीत पाय रुततो, मॅटवर पाय सरकतो. खाशाबा जाधव १९४८ मध्ये लंडनला गेले तेव्हा मॅटची सवय नसल्याचा फटका त्यांना बसला होता. चार वर्षांनी हेलसिंकीत त्यांनी कांस्य घेतले ते हे नवे तंत्र अंगी मुरवूनच. बिराजदारांच्या पिढीला मॅट अगदीच अनोळखी नव्हती, पण रोजची मेहनत मातीतच होती. एडिनबरा स्पर्धेत भारताला पाच सुवर्णपदके मिळाली आणि पाचही कुस्तीत. वेदप्रकाश, सुदेश कुमार, उदयचंद आणि मुख्तियार सिंग हे उत्तरेचे, आणि पाचवा मराठवाड्याचा. कडेच्या एका खेड्यातला विशीतला मुलगा परदेशात जाऊन सोने घेऊन आला आणि तरीही पुढची दोन वर्षे महाराष्ट्रातल्या गप्पांत चर्चा दादू चौगुल्यांची होती, कारण १९७० आणि १९७१ ची महाराष्ट्र केसरी कोल्हापूरच्या दादूंनी मारली होती. यात दादूंचा मोठेपणा कमी होत नाही. त्यांनीही १९७४ मध्ये क्राइस्टचर्चला राष्ट्रकुल रौप्य घेतले. पण आपल्याकडे जत्रेच्या मैदानाचे वजन परदेशी पदकापेक्षा किती जास्त होते हे यातून कळते. मला यात काही वाईट दिसत नाही. ज्याने डोळ्यांनी पाहिले त्याला कागदावरचे थोडे कमीच भासणार.

रुस्तुम-ए-हिंदचे साल १९७२. महाराष्ट्रात ज्याने हे साल पाहिले आहे त्याला कुस्ती आठवणार नाही, दुष्काळ आठवेल. लातूर-उस्मानाबाद-बीडच्या पट्ट्यात माणसे खडी फोडायला उतरली होती, परदेशातून आलेली लाल मिलो खात होती, पोरांना सुकडी वाटली जात होती. अशा वर्षी आपल्या तालुक्याचा एक गडी देशातला अव्वल मल्ल ठरतो याचा गावाला काय आनंद झाला असेल, हे सांगायला भावुक व्हायची गरज नाही. एवढेच लक्षात घ्यावे की पैलवान हा शेतकरी घरातला सर्वांत खर्चीक सदस्य असतो. दुष्काळात बैल विकले जातात, दागिने गहाण पडतात. त्या साली कितीतरी तालमीतून पोरे घरी परतली असतील. मराठवाड्याच्या कुस्तीचा इतिहास लिहायचा तर जिंकलेल्यांबरोबर या परतलेल्यांचाही लिहायला हवा.

आणि मग बेळगाव, १९७७. सत्पाल म्हणजे दिल्लीच्या गुरू हनुमान आखाड्याचा त्या काळचा सर्वांत तगडा मल्ल. १९७४ चा अर्जुन पुरस्कार, पुढे १९८२ च्या दिल्ली आशियाई स्पर्धेत सुवर्ण, आणि त्याही पुढे सुशील कुमारचा गुरू. सत्तरच्या दशकात तो महाराष्ट्राच्या मैदानात उतरला की महाराष्ट्राची अब्रू पणाला लागल्यासारखे लोक वागत. बेळगावसारख्या सीमेवरच्या गावात तर प्रेक्षक निम्मे मराठी, निम्मे कन्नड, पण कुस्तीच्या कसोटीला सारखेच कडक. त्या मैदानात बिराजदारांनी सत्पालला हरवले. त्यांचे नाव आज कुठेही निघाले की पहिला उल्लेख याच कुस्तीचा होतो, एडिनबराच्या सुवर्णाचा नंतर.

माझ्या मते मात्र या माणसाचे मोठे काम बेळगावनंतर सुरू झाले. इथे माझे मत अनेक शौकिनांशी जुळणार नाही, हे ठाऊक आहे.

निवृत्त मल्लापुढे आपल्याकडे तीन-चार वाटा असतात: सहकारी साखर कारखान्यातली मानाची नोकरी, राजकारण, गावी शेती, नाहीतर जुन्या किताबावर मैदानाची उद्घाटने. बिराजदार वस्ताद झाले, आणि पोरांचे मामा झाले. पुण्यात गोकुळ वस्ताद तालमीत त्यांच्याकडे मराठवाड्यातून मुले येऊ लागली. ज्या वाटेने ते एकटे कोल्हापूरला गेले होते तिला आता दुसऱ्या टोकाला ओळखीचा माणूस भेटू लागला, आपल्या बोलीत बोलणारा, ज्वारीच्या भाकरीची सवय समजणारा. लातूरजवळच्या साई गावचा काका पवार त्यांच्या हाताखाली घडला आणि १९९८ मध्ये अर्जुन पुरस्काराचा मानकरी झाला. बीड जिल्ह्यातल्या पाटोद्याचा राहुल आवारे पोरवयात त्यांच्याकडे आला. मामा गेले तेव्हा राहुल अजून मोठ्या यशाच्या उंबरठ्यावरच होता. पुढे तो काका पवारांकडे गेला, म्हणजे गुरूच्या गुरुबंधूकडे नव्हे, गुरूच्याच पठ्ठ्याकडे. २०१८ मध्ये ऑस्ट्रेलियात गोल्ड कोस्टला त्याने राष्ट्रकुल सुवर्ण जिंकले आणि ते पदक बिराजदारांना वाहिले. एडिनबरानंतर अठ्ठेचाळीस वर्षांनी तीच स्पर्धा, तोच धातू, आणि मध्ये एका माणसाची तालीम. २०१९ मध्ये राहुलने नूर-सुलतानच्या जागतिक स्पर्धेत कांस्य घेतले.

वंशावळ इथे थांबत नाही. जानेवारी २०२० ची महाराष्ट्र केसरीची अंतिम लढत पुण्यात झाली. एका बाजूला नाशिककडून हर्षवर्धन सदगीर, दुसऱ्या बाजूला माती विभाग जिंकून आलेला लातूरचा शैलेश शेळके. दोघेही काका पवारांच्या तालमीतले. सदगीर जिंकला, आणि हरलेल्या शेळकेला त्यानेच खांद्यावर उचलून घेतले. जानेवारी २०२३ ला पुन्हा तसेच: मॅटवरून आलेला शिवराज राक्षे आणि मातीतून आलेला महेंद्र गायकवाड, पुन्हा एकाच तालमीचे. राक्षे महाराष्ट्र केसरी झाला, आणि झाला तो नांदेडकडून.

नांदेडला आनंद झाला. पण राक्षे हा राजगुरुनगरचा, पुणे जिल्ह्यातला. नांदेडकडून तो खेळला एवढेच. आयर्लंडमध्ये असे सहसा घडत नाही. किल्केनीचा अंगरखा किल्केनीच्या पोराच्याच अंगावर शोभतो असे तिथले लोक मानतात. आपल्याकडे मल्ल जन्मतो एका गावात, घडतो दुसऱ्या गावात, आणि स्पर्धेत तिसऱ्याच जिल्ह्याचे नाव लावतो. नियमात बसते, म्हणून तक्रार करण्यासारखे काही नाही. तरीही लातूर-नांदेडच्या लोकांनी एक हिशेब करायला हवा. बिराजदार १९६० च्या दशकात कोल्हापूरला गेले कारण इथे तालीम नव्हती. शैलेश शेळके औसा तालुक्यातून पुण्याला गेला. अर्ध्या शतकात कोल्हापूरऐवजी पुणे झाले, आणि तिथे आपला माणूस वस्ताद झाला. हे बिराजदारांचे कर्तृत्व. पण पोरगा अजून गाव सोडूनच पैलवान होतो. हे त्यांचे अपयश म्हणता येणार नाही, हे आपले आहे. शिकवण्यांसाठी सगळ्या महाराष्ट्रातून मुले लातूरला येतात, वसतिगृहे भरलेली असतात. त्याच लातूरमधून कुस्तीसाठी मुले बाहेर जातात.

पुस्तकाबद्दल आणखी एक. वाचकाला यात खुराकाच्या आकड्यांची फारशी रेलचेल दिसणार नाही. किती लिटर दूध, किती शेर बदाम, किती हजार जोर, अशा आकड्यांनी मल्लांची चरित्रे भरलेली असतात आणि ते आकडे एका चरित्रातून दुसऱ्यात जसेच्या तसे उचललेले असतात. त्यांनी मल्ल कळत नाही. कळतो तो कोणाशी लढला, कधी हरला, हरल्यावर काय बदलले आणि कोणाला घडवले यावरून. बिराजदारांच्या पराभवांना म्हणूनच इथे विजयाइतकी जागा द्यायला हवी होती, आणि जिथे पुरावा आहे तिथे ती दिली आहे.

शेवटी वाचकांना विनंती. निलंगा, औसा, उदगीर, अहमदपूर, लोहा, कंधार या भागांत अशी घरे अजून आहेत जिथे आजोबांच्या पेटीत मैदानाची जुनी पत्रके, हौद्याच्या कडेला काढलेले फोटो, फेटा बांधून इनाम घेतानाची कात्रणे पडून आहेत. ती फेकू नका. फोटोच्या मागे पेन्सिलीने नाव, गाव आणि साल लिहा. पत्रकाच्या मागे जोडीचा निकाल आठवत असेल तर तोही लिहा, आणि आठवत नसेल तर रचू नका. मूळ वस्तू घरीच ठेवा, पण तिची एक प्रत तालुक्याच्या सार्वजनिक वाचनालयात द्या. या पुस्तकाची दुसरी आवृत्ती निघाली तर ती अशा पेट्यांमधूनच निघेल.